त्या फ्रीजरमध्ये माझ्या दादाच्या पेशी आहेत: संशोधन निधी समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि निधी समितीचे सर्व सदस्य,

नमस्कार.

मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. तुमचं पत्र ज्या घरांमध्ये गेलं त्यातल्या एका घरातली मी बहीण आहे. गेल्या महिन्यात आलेल्या त्या दीड पानात दोन निर्णय आहेत. एक, रक्तवाहिन्यांच्या स्मूथ मसल पेशींवर काम करणाऱ्या गटाचा निधी पुढच्या वर्षापासून बंद. दुसरा अगदी शेवटच्या ओळीत आहे, की या गटाकडे ठेवलेले दात्यांचे नमुने सहा महिन्यांनंतर जतन केले जाणार नाहीत. कारणं दिलीत तीन-चार: काम पायाभूत स्वरूपाचं आहे, पेशीची भूमिका बऱ्यापैकी समजलेली आहे, याआधीच्या उपचारांना यश आलेलं नाही आणि तीन वर्षांत रुग्णांना थेट फायदा दिसत नाही. मी आधी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं होतं, पोच आली, पुढे काहीच नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी दादाचं सांगते, कारण त्याच्याशिवाय मला हा विषय कळलाच नसता. सहा वर्षांपूर्वी, वय चौतीस, सिगारेट नाही, वजन नीट, एका संध्याकाळी छातीत आणि मग पाठीत फाडल्यासारखं दुखायला लागलं. फाडल्यासारखं हा शब्द त्याचाच. दवाखान्यात नेलं, ईसीजी नॉर्मल आला, अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उभा राहू शकत नव्हता, मग दुसरीकडे सीटी केला तेव्हा कळलं की महाधमनीचा आतला थर चिरलाय आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये शिरत चाललंय. त्याला डिसेक्शन म्हणतात. लगेच ऑपरेशन झालं, फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली, पण तोपर्यंत बराच वेळ गेला होता, दोन दिवसांनी दादा गेला. ऑपरेशनच्या आधी वहिनीने एका कागदावर सही केली होती की काढलेला तुकडा संशोधनाला द्यायला हरकत नाही. त्या वेळी तिने तो कागद वाचलासुद्धा नसेल. आज आमच्याकडे दादाचं जिवंत असं जे काही उरलंय ते त्या सहीमुळे उरलंय.

त्या तुकड्याच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की भिंतीच्या मधल्या थरातल्या स्मूथ मसल पेशी बऱ्याच ठिकाणी नाहीशा झाल्यात आणि लवचिक तंतू तुटलेत. मी तेव्हा पहिल्यांदा हे नाव ऐकलं. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात, सगळ्यात आतलं पातळ अस्तर, बाहेरचं वेष्टण, आणि मधे या पेशींचा थर. त्या नळीभोवती गोल रचलेल्या असतात, हळू आकुंचन पावतात आणि कमी ऊर्जेत तासन्‌तास ताण धरून ठेवतात. नळी किती रुंद राहणार, रक्तदाब किती राहणार हे बरंचसं त्यांच्या हातात असतं. हृदयाची स्नायूपेशी आयुष्यभर एकच काम करते, ही मात्र काम बदलू शकते. भिंतीला इजा झाली, कोलेस्टेरॉल साचलं, वरून तसा रासायनिक निरोप आला की ती ओढायचं सोडून देते, विभागायला लागते, जागा सोडून सरकते, कोलॅजन बनवते. दुरुस्तीसाठी हे लागतंच, पण थांबलं नाही की त्याचाच आजार होतो. डिशमध्ये वाढवायला घेतली तरी थोड्याच दिवसांत ती असं रूप बदलते, आणि हे लोकांना १९७०च्या दशकापासून माहीत आहे.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तुमच्या तीन वर्षांच्या नियमाबद्दल आहे, आणि ती मी जरा लांबण लावून सांगणार आहे.

तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरात स्टेंट बसवलेला माणूस असेलच. १९७७ मध्ये झुरिकला आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी पहिल्यांदा फुग्याने हृदयाची धमनी उघडली, त्यानंतर जगभर ते सुरू झालं, आणि मग दिसायला लागलं की साधारण तिघांपैकी एकाची उघडलेली जागा काही महिन्यांत परत अरुंद होतेय. स्टेंट आले तरी प्रश्न पूर्ण सुटला नाही. कारण फुगा फुगवताना भिंतीला इजा होते, आणि मधल्या थरातल्या याच पेशी जाग्या होऊन आतल्या बाजूला वाढायला लागतात. त्यांना वाढवणारा एक पदार्थ प्लेटलेटमध्ये असतो हे सिएटलच्या रसेल रॉस यांच्या गटाने १९७४ मध्येच दाखवलं होतं, तेव्हा तर हृदयाच्या धमनीसाठीचा हा फुगाही नव्हता! तीन वर्षांत रुग्णाला काय फायदा असं कोणी तेव्हा विचारलं असतं तर रॉस काय उत्तर देणार होते?

आणि औषधाचं तर बघा. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम ईस्टर आयलंडला गेली, तिथल्या मातीचे नमुने घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूतून सुरेंद्रनाथ सहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉन्ट्रियलमध्ये एक पदार्थ वेगळा काढला, १९७५ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि बेटाच्या रापा नुई या स्थानिक नावावरून त्याला रॅपामायसिन म्हटलं. तो बुरशीवरचं औषध म्हणून शोधला होता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या औषध कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद केली, हा प्रकल्प गुंडाळला, आणि सहगल यांनी त्यातला थोडा साठा घरी नेऊन स्वतःच्या फ्रीजरमध्ये ठेवला. काही वर्षांनी व्यवस्थापन बदललं तेव्हा तो त्यांच्याकडे होता म्हणून काम परत सुरू झालं. १९९९ मध्ये किडनी ट्रान्सप्लांटसाठी मान्यता मिळाली. आणि मधल्या काळात, १९९५-९६ मध्ये, न्यूयॉर्कला अँड्र्यू मार्क्स यांच्या गटाने स्मूथ मसल पेशींवर ते टाकून बघितलं तर पेशींचं वाढणं आणि सरकणं थांबलं. १९९९च्या डिसेंबरमध्ये साओ पावलोत या औषधाचा लेप दिलेले स्टेंट पहिल्यांदा माणसांना बसवले. २००२ मध्ये रॅवेल ट्रायल आली, २३८ रुग्ण, सहा महिन्यांनी साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के लोकांची जागा परत अरुंद झालेली आणि लेपवाल्यांमध्ये एकाचीही नाही.

ही पेशी का वाढते हे वीस वर्षं खणणारी माणसं नसती तर त्या मातीतल्या औषधाचा स्टेंटशी काही संबंध आहे हे कोणाच्या डोक्यात आलं असतं? तुमचा नियम १९७४ ला लावा, १९८३ ला लावा, कुठेही लावून बघा, हे काम प्रत्येक वेळी बंद पडतं.

आणि तेही काम पूर्ण झालेलं नाही. तेच औषध आतल्या अस्तराचं भरून येणंही मंदावतं, म्हणून काही जणांमध्ये उशिरा गुठळी होण्याचा धोका निघाला आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन-दोन गोळ्या लांबवाव्या लागल्या. फक्त स्मूथ मसल पेशीला थांबवेल आणि अस्तराला हात लावणार नाही असं औषध अजून शोधायचंच आहे.

दुसरी तक्रार, "पेशीची भूमिका बऱ्यापैकी समजलेली आहे" या वाक्याबद्दल. हे वाचून मला खरंच धक्का बसला. २०१५ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या गॅरी ओवेन्स यांच्या गटाने उंदरांमध्ये या पेशींवर कायमची खूण केली, म्हणजे पुढे ती कुठलंही रूप घेवो, मूळची कोण हे ओळखता यावं. तर कळलं की धमनीत साचलेल्या कोलेस्टेरॉलच्या जुन्या थरात ज्या पेशी मूळच्या स्मूथ मसलच्या होत्या त्यातल्या ८० टक्क्यांहून जास्त नेहमीच्या रंगाच्या तपासणीत सापडतच नव्हत्या. काहींनी तर मॅक्रोफेजसारखं, म्हणजे कचरा गिळणाऱ्या संरक्षक पेशींसारखं रूप घेतलं होतं, म्हणजे लोक मायक्रोस्कोपखाली बघून त्यांना दुसऱ्याच पेशी समजत होते. कित्येक वर्षांचं वाङ्मय परत वाचायची वेळ आली. अर्ल बेंडिट यांनी १९७३ मध्ये म्हटलं होतं की या थरातल्या पेशी एकाच पेशीची वंशावळ असल्यासारख्या दिसतात, त्यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालत राहिले, आणि २०१६ मध्ये रंगीत खुणांच्या उंदरांमध्ये दिसलं की भिंतीतल्या मोजक्याच पेशी वाढून एवढा मोठा भाग बनवतात. मोजक्याच का? बाकीच्या शेजारी असून गप्प का बसतात? ह्याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. आणि तुम्ही म्हणता समजलेलं आहे.

याच्यातच एक गोष्ट अशी आहे जी मला बाई म्हणून फार लागली. ही खूण करायला जी उंदरांची जात सगळीकडे वापरली गेली, तिच्यात घातलेला जीन वाय क्रोमोसोमवर जाऊन बसला होता. म्हणजे प्रयोग फक्त नरांवरच करता यायचे! दहा-बारा वर्षं या पेशींबद्दल जे मोठमोठे निष्कर्ष निघाले त्यातले कितीतरी फक्त नर उंदरांचे आहेत. माद्यांमध्येही चालेल अशी नवी जात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. तुम्ही ज्या गटाचे पैसे थांबवताय त्यांनी नुकतेच माद्यांवरचे प्रयोग सुरू केले होते. अर्ध्या माणसांबद्दलचा प्रश्न आत्ता कुठे विचारायला घेतला आणि तुम्ही फाईल बंद केली.

तिसरी तक्रार अशी की फसलेले प्रयोग तुम्ही काम बंद करायचं कारण म्हणून वापरलेत. पत्रात बायपासच्या शिरांवरच्या औषधाचा उल्लेख आहे. बरोबर आहे, प्रिव्हेंट फोर नावाची मोठी ट्रायल होती, तीन हजारांवर रुग्ण, पायातून काढलेली शीर बसवायच्या आधी एका औषधात बुडवायची म्हणजे तिच्यातल्या पेशी वाढणार नाहीत असा विचार, आणि २००५ मध्ये निकाल आला की काही फरक पडला नाही. पण म्हणून त्या शिरा बंद पडायच्या थांबल्या का? दहा वर्षांत निम्म्याच्या आसपास शिरा अरुंद होतात किंवा बंद पडतात, आजही. सरसकट वाढ थांबवणं पुरत नाही एवढं त्यातून कळलं. उलट या पेशी सगळ्या मारूनही चालत नाही, कारण कोलेस्टेरॉलच्या थरावरचं झाकण त्याच धरून ठेवतात, झाकण पातळ झालं की ते फुटतं आणि हार्ट अ‍ॅटॅक येतो. एकाच पेशीची एक लेक वाचवते आणि दुसरी जीव घेते, आणि कुठली कधी काय करणार हे ओळखायचं काम तुमच्या भाषेत पायाभूत आहे.

बाकीच्या आजारांबद्दल मी थोडक्यातच लिहिते, पण ती माणसंही तुमच्या निर्णयात आहेत. डायलिसिसवर असलेल्यांचा फिस्चुला, म्हणजे त्यासाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, आतून अरुंद होतो तो बराचसा या पेशींच्या वाढीमुळे. किडनीच्या रुग्णांच्या धमन्या दगडासारख्या होतात कारण या पेशी हाडाच्या पेशींसारखं वागायला लागतात. काडासिल नावाच्या आजारात मेंदूच्या बारीक धमन्यांमधल्या या पेशी नॉच-३ जीनमधल्या बिघाडामुळे झिजत जातात, चाळिशी-पन्नाशीत स्ट्रोक येतात, आजही बरं करणारा उपचार नाही. प्रोजेरियाच्या मुलांच्या महाधमनीतून या पेशी नाहीशा होतात आणि ती मुलं उपचाराविना सरासरी चौदा-साडेचौदा वर्षं जगतात, जातात ती बहुतेक वेळा हृदयाच्या कारणाने. आणि फुप्फुसाच्या हायपरटेन्शनमध्ये, जिथे बारीक धमन्यांची भिंत याच पेशींनी जाड होत जाते, तिथे सोटाटरसेप्ट नावाच्या औषधाला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्या घरांनी किती वाट बघितली असेल हे मला त्यांना न भेटताही कळतं.

चौथी तक्रार फ्रीजरची. इथे मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही.

दादा गेल्यावर आमची जीन टेस्ट झाली. महाधमनी फाटण्याचा जो प्रकार घराण्यात चालतो त्यात २००६ मध्ये एमवायएच११ आणि २००७ मध्ये एसीटीए२ हे जीन सापडले, दोन्ही याच पेशीच्या ओढण्याच्या यंत्रणेचे. एसीटीए२ ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा दोर बनवतो, एमवायएच११ तो दोर खेचणारं प्रथिन. दादाच्या एसीटीए२ मध्ये एका अक्षराचा बदल निघाला, माझ्यातही तोच आहे, आणि माझ्या भाचीत, म्हणजे दादाच्या मुलीत. ती आता चौदा वर्षांची आहे. रिपोर्टमध्ये त्या बदलापुढे लिहिलंय व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स. म्हणजे बदल आहे, पण तो घातक की निरुपद्रवी ते सांगता येत नाही. कारण जगात फार कमी लोकांमध्ये तो दिसलाय.

हे उत्तर आमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते सांगते. साधारणपणे महाधमनी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास गेली की ऑपरेशन सुचवतात. पण एसीटीए२चा बदल घातक असेल तर साडेचारलाच विचार करतात, कारण या लोकांमध्ये ती फार न फुगताही फाटू शकते. म्हणजे त्या एका शब्दावर ठरणार आहे की भाचीचं ऑपरेशन कधी करायचं, तिने खेळायचं की नाही, मोठी झाल्यावर बाळंतपण तिच्यासाठी किती धोक्याचं असेल. आत्ता आम्ही दरवर्षी तिचा एको करतो आणि मशीनवरचा आकडा ऐकेपर्यंत वहिनी खुर्चीवर बसत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मिळवायचा एक रस्ता असा की तो बदल असलेल्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यात ॲक्टिनचे दोर नीट बनतात का बघायचं, त्या किती जोराने ओढतात ते मोजायचं. या गटाने ते दादाच्या पेशींवर सुरू केलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी मला बोलावून दाखवलं. मायक्रोस्कोपमधून बघितलं, लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, एकमेकींना चिकटून रांगेने, कुठे दाट होऊन उंचवटे, कुठे विरळ, वरून डोंगर-दऱ्या दिसाव्यात तशा. मला वाटलं होतं मी रडेन, पण रडले नाही, मी नुसती बघत राहिले, कारण तो गेल्याला चार वर्षं झाली होती आणि तिथे त्याच्या पेशी वाढत होत्या. निम्मी मोजमापं झालीत, निम्मी राहिलीत. या पेशी डिशमध्ये जास्त वेळा वाढवल्या की स्वतःचा स्वभाव विसरतात, म्हणून सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या पेशींच्या नळ्याच कामाच्या, आणि त्या फार थोड्या आहेत. तुमचं ते शेवटच्या ओळीतलं वाक्य म्हणजे या नळ्या.

आणि पाचवी, छोटीशीच. हा निर्णय घेताना ज्यांनी तुकडे दिले त्यांच्यापैकी एकालाही विचारलं नाही. आम्ही सही करून दिलं ते कोणीतरी त्यावर काम करावं म्हणून दिलं होतं.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. नमुने नष्ट करायचा निर्णय आजच थांबवा, या गटाला ठेवणं जमत नसेल तर जी संस्था सांभाळायला तयार होईल तिच्याकडे ते पूर्ण नोंदींसकट द्या, आणि त्याआधी प्रत्येक दात्याच्या घरी विचारा. अर्धवट राहिलेली मोजमापं पूर्ण होतील एवढा तरी निधी चालू ठेवा, हे काम करणाऱ्यांच्या अंदाजाने ते दीड वर्षाचं आहे. अनिश्चित जीन-बदलांची पेशींवर तपासणी करायला वेगळे पैसे ठेवा, कारण आमच्यासारखी घरं बरीच आहेत आणि प्रत्येकाला फक्त थांबा असं सांगितलं जातंय. तीन वर्षांत फायदा दाखवायचा नियम ठेवायचा तर ठेवा, पण सगळ्या पैशांना लावू नका, एक ठरलेला वाटा लांब पल्ल्याच्या कामाला राखून ठेवा आणि किती ते जाहीर करा. नर आणि मादी दोन्हींवर प्रयोग करणं सक्तीचं करा आणि त्यासाठी जास्तीचा खर्च द्या. जे प्रयोग फसले तेही छापायला लावा. समितीत रुग्णांच्या घरची निदान दोन माणसं घ्या, मतदानाच्या हक्कासह.

पैसे अमर्याद नसतात हे मला कळतं, कोणाला तरी नाही म्हणावंच लागतं. पण जे काही नाही म्हणायचं ते आमचं ऐकून म्हणा. मी कुठल्याही बैठकीला यायला तयार आहे, वहिनीही येईल, पाच मिनिटं दिलीत तरी चालेल.

सहगल यांनी ते औषध घरच्या फ्रीजरमध्ये वाचवलं हे वाचल्यावर मी त्या गटातल्या एका मुलीला फोन करून विचारलं होतं, की वेळ आलीच तर दादाच्या नळ्या मी घरी आणून ठेवू शकते का. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की नाही ताई, यांना लिक्विड नायट्रोजन लागतो, घरच्या फ्रीजरमध्ये त्या मरतील. म्हणून तुम्हाला लिहितेय. सहा महिन्यांतले पाच उरलेत, निर्णय काहीही होवो, तो कंटेनर उघडण्याआधी मला कळवा.

आपली,
एका दात्याची धाकटी बहीण